दगडांचं हळदीकुंकू

सुमनआक्कांनी आयुष्यात एकच देवी स्थापन केली, आणि तीही चुकून. देवळात गेल्याच तर बाहेर चपला सांभाळायला बसणारी ही बाई. तिच्या हातून हे व्हावं, याचं मला अजून हसू येतं. आटपाडीच्या पलीकडच्या एका वाडीत, आक्कांच्याच माहेरी, विहिरीच्या कडेला ती देवी दोन-सव्वादोन महिने नांदली. मग तिला टिपरमध्ये घालून वाजतगाजत गावाबाहेर काढावं लागलं. त्या मिरवणुकीत मीही होतो. कागदोपत्री त्या देवीचा उल्लेख ‘नाकारलेला माल’ असा आहे आणि त्याखाली माझी सही आहे.

पण आधी आक्का सांगायला हव्यात.

सांगलीत खडी, मुरूम, सिमेंट तपासून देणारी एक खाजगी लॅब होती, तिथं मी इंजिनिअर म्हणून लागलो. इंजिनिअर म्हणजे सही करणारा. काम करणाऱ्या आक्का. त्यांचं पद ‘मदतनीस’ असं होतं. नेमकं कोण कुणाला मदत करतंय, हे पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं आणि मी गप्प बसलो.

बुटकी, काटक बाई. नऊवारी नाही, साधी पाचवारी, आणि तिच्यावर पुरुषी बाह्यांचा शर्ट. शेतात बायका घालतात तसा. शर्टाला दोन खिसे. उजव्यात भाजलेले शेंगदाणे आणि डाव्यात होमिओपॅथीच्या गोळ्यांची रिकामी बाटली, तिच्यात हळद. हळद बाजारातली नव्हे. हळकुंडं आणून घरी कुटलेली. “इकतची हळद इकनाऱ्याचं आयकती,” असं त्या म्हणायच्या.

नवरा फौजेत होता. सुट्टीवर आलेला असताना उसाच्या ट्रॉलीवरून पडून गेला. आक्का हे सांगताना आवाज बदलायच्या नाहीत. “बारा वर्सं बार्डरवर ऱ्हायला, काय झालं न्हाई. गावात आला आन् ऊस घेऊन गेला त्येला.” त्यानंतर त्या हळदीच्या वखारीत निवडायच्या कामाला लागल्या आणि तिथून आमच्या लॅबमध्ये झाडायला आल्या. झाडता झाडता त्यांनी सगळी लॅबच आपल्याकडे ओढून घेतली.

आता हळदीचं. त्यासाठी आधी स्लॅग म्हणजे काय ते सांगायला हवं. भट्टीत लोखंड वितळलं की वर गाळ तरंगतो, तो बाजूला काढतात. थंड झाला की त्याचा काळपट, भोकाभोकांचा दगड होतो. तो म्हणजे स्लॅग. पूर्वी कारखान्यांच्या मागे त्याचे डोंगर पडून असायचे. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की हाच दगड फोडून खडी म्हणून रस्त्यात घालावा. घालता येतो, आणि चांगला घालता येतो. तेवढे खरे डोंगर सुरुंगापासून वाचतात. फक्त त्या दगडाच्या पोटात चुना असतो. ताजा वापरला तर पाणी लागल्यावर तो फुगतो आणि रस्ता वर उचलतो. त्याहून वाईट म्हणजे त्यातून झिरपलेलं पाणी खाली जाऊन माती आणि विहिरी नासवतं. म्हणून त्याला खाली फरशी असलेल्या आवारात, पाणी मारत, उन्हापावसात काही महिने टाकावं लागतं. पुस्तकात या प्रकाराला भारदस्त नाव आहे. आक्का त्याला लोणच्यासारखं ‘मुरवनं’ म्हणायच्या.

मुरलाय की नाही, हे बघायची त्यांची रीत अशी होती. दगड साध्या पाण्यानं भिजवायचा, त्यावर चिमूटभर हळद चोळायची आणि थांबायचं. पिवळी राहिली तर ठीक. लाल झाली तर चुना आहे. ही विद्या त्यांना वखारीत मिळाली. तिथं भिंतीला नवा चुना दिला की उडालेली हळद भिंतीवर बसून लाल व्हायची, आणि निवडणाऱ्या बाया म्हणायच्या, “भित सवाष्ण झाली गं!” बाया हसून कामाला लागायच्या. आक्का मात्र भिंतीकडे बघत राहिल्या असणार.

लॅबमध्ये त्यासाठी मीटर होता. आकडा दाखवणारा, महागडा, बिघडत राहणारा. आक्कांचा मीटरवर राग नव्हता. “त्येला तुमची सही लागती सायेब. हळदीला लागत न्हाई,” एवढंच त्यांचं म्हणणं होतं. हळदीला सगळं कळतं असाही त्यांचा दावा नव्हता. दगडात कुठला विषारी धातू आहे का, हे हळद सांगत नाही, त्यासाठी नमुना पुण्याला मोठ्या लॅबमध्ये पाठवा म्हणून त्या स्वतः माझ्या मागे लागायच्या. पण पहिला निकाल हळदीचा.

माझ्या पहिल्याच दिवशी मी रुबाबात त्यांच्या हातातला दगड घेतला आणि स्वतः हळद चोळली. लालभडक झाली. मी लगेच वहीत ‘नापास’ लिहिलं. आक्कांनी दगड उलटा केला, दुसऱ्या बाजूला स्वतःच्या बोटानं हळद लावली. पिवळीधमक.

“सायेब, दगूड पास हाय,” त्या म्हणाल्या. “तुमचा हात नापास हाय. साबन लावलाय नव्हं?”

साबणानंही हळद लाल होते, राखेनंही होते. त्यामुळे आक्का सकाळपासून संध्याकाळपर्यंत हाताला ना साबण लावायच्या ना राख. नुसतं पाणी. माझ्या टेबलावरची साबणाची वडी त्यांनी त्याच दिवशी उचलून नेली आणि संध्याकाळी साडेपाचला परत आणून ठेवली. हे पुढे सहा वर्षं रोज चाललं. मी साताऱ्याच्या पांढरपेशा घरातला, दिवसातून दहादा हात धुणारा माणूस. सहा वर्षं मी डबा कसा खाल्ला ते माझं मला ठाऊक.

लॅबच्या मागे प्लॅस्टिकच्या टबांची रांग होती. प्रत्येक टबात एकेका कारखान्याचा स्लॅग पाण्यात पडलेला. त्यावर नंबर घालायचे असा नियम. आक्कांनी नंबर घातले, पण हाक मारायची नावं वेगळी ठेवली. थोरली जाऊ, धाकटी जाऊ, नणंद, चुलतसासू. स्वभाव बघून नावं. नणंद दोन महिन्यांत निवळली. थोरली जाऊ पावसाळाभर धुमसली. कोपऱ्यातला एक टब मात्र नऊ महिने झाले तरी हळद लागली की लाल. ती सासू. एकदा कारखान्याचे बडे साहेब आमच्याकडे आले आणि त्यांच्या मालाची प्रगती विचारू लागले. आक्का अदबीनं म्हणाल्या, “तुमची सासू अजून उतरली न्हाई, सायेब.” साहेब बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांना चहा विचारला.

एक संक्रांत मला विसरता येत नाही. मालकांच्या पत्नीनं लॅबमध्ये हळदीकुंकू ठेवलं होतं. टायपिस्ट, अकाउंटवाली, शेजारच्या बँकेतल्या बाया, सगळ्या आल्या. वाण म्हणून प्लॅस्टिकच्या रंगीत वाट्या होत्या. आक्का त्या वेळी चहा गाळत होत्या. त्यांना कुणी बोलावलं नाही. मुद्दाम टाळलं असं नाही, विधवेला बोलवायचं नसतं हे सगळ्यांनीच गृहीत धरलं होतं, त्यात मीही आलो. थोड्या वेळानं मी मागे गेलो तर आक्का टबांच्या रांगेतून फिरत होत्या आणि प्रत्येक टबातल्या दगडाला हळद लावत होत्या.

“काय चाललंय आक्का?”

“हळदीकुकू. मला कोन बोलवत न्हाई, म्हनून मीच दगडांस्नी बोलावलंय. ही बगा थोरली जाऊ. सवाष्ण. ही नणंद, पांढऱ्या पायाची, पिवळीच ऱ्हायली. तिला मी लय चांगली म्हंती.”

मी हसलो. त्याही हसल्या. पण मला त्या वेळी लाज वाटली होती, ती मी इतक्या वर्षांनी इथं लिहून टाकतो. वाटून उरलेल्या चार वाट्या आक्कांनी दुसऱ्या दिवशी मालकिणीकडून मागून घेतल्या आणि त्यांत नमुन्याचं पाणी भरायला सुरुवात केली.

आक्कांचा एक नियम मात्र मी मोडला, आणि तिथूनच देवीची कथा सुरू होते. नियम असा, की दुसऱ्यानं आणलेला नमुना तपासायचा नाही. ढिगावर आपण जायचं, ढिगाच्या पोटात हात घालायचा, नमुना आपण आणायचा. त्या आठवड्यात आक्का रजेवर होत्या. एका ठेकेदाराचा माणूस गोणीतून स्लॅग घेऊन आला. आटपाडीकडच्या एका वाडीला रस्ता व्हायचा होता. ठेकेदाराचं नाव सांगत नाही, भला माणूस आहे, अजून धंद्यात आहे. मी माल तपासला. मुरलेला, शांत, सगळ्या चाचण्यांत उत्तम. सही केली.

आक्का रजा संपवून आल्या त्याच दगड घेऊन. पदराच्या गाठीतून काढून माझ्या टेबलावर ठेवला. वर लाल डाग.

“ह्यो माज्या माहेरचा,” त्या म्हणाल्या. “भावाच्या विहिरीच्या कडंला ढीग टाकल्याती. विहीर ईस पावलांवर. म्या नऊ जागी हळद लावली, नऊ जागी लाल. तुमी पास केलाय म्हनं?”

मी गोणीतला नमुना दाखवला. त्यांनी त्याला हळद लावली. पिवळी.

“ह्यो कुनी आनला?”

“ठेकेदाराच्या माणसानं.”

“मंग ठेकेदाराचा मानूस पास झालाय,” आक्का म्हणाल्या. “वाडीतला ढीग न्हाई.”

त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्या मागे जाऊन सासूचं पाणी बदलत बसल्या. मी त्याच दिवशी वाडीला जाऊन नमुने आणले (ढिगापाशी नारळ फुटलेला दिसला, तो मला रस्त्याच्या शुभारंभाचा वाटला), मीटर लावला आणि माझीच सही खोडणारं पत्र लिहिलं. माल नाकारला आहे, उचलून कारखान्याच्या आवारात मुरवायला न्यावा. ठेकेदार कुरकुरला, पण कबूल झाला. चार दिवसांनी त्याचा फोन.

“सायेब, उचलू देईनात.”

“कोण?”

“गाव. देवी हाय म्हंत्यात.”

झालं होतं ते असं. दगडाची तपासणी झाली की तो पाण्यानं धुऊन टाकायचा, हा आक्कांचा दुसरा नियम. लाल डाग मागे ठेवायचा नाही. पण त्या दिवशी ढिगावर नऊ जागी हळद लावून निकाल बघेपर्यंत फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. त्यानंतरची गाडी सकाळी. आक्का पळाल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे पाण्याला आलेल्या बायांना काय दिसलं? नुकतेच कुठून तरी आलेले काळे, भोकाभोकांचे, अनघड दगड. त्यावर कुणी तरी वाहिलेली हळद आणि कुंकू. एकीनं हात जोडले. दुसरीनं नारळ आणला. दुपारपर्यंत तिसरीला दृष्टांत झाला होता.

मी हे आक्कांना सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातला शेंगदाणा हातातच राहिला.

“तांब्याभर पानी,” त्या म्हणाल्या. “तांब्याभर पानी वतायचं ऱ्हायलं, सायेब.”

आणि मग त्या जे हसायला लागल्या, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. खरं सांगायचं तर पहिले काही आठवडे आम्ही दोघांनीही मजाच बघितली. ढीग रस्त्यात जात नाही ना, मग पुजू देत, असा हिशेब. वाडीतून रोज नवी बातमी यायची. आक्कांचा धाकटा भाऊ जालिंदर, फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेला, पुजारी बनला होता. ठेकेदारानं देवीला पत्र्याची शेड बांधून दिली आणि वर पितळी घंटाही. माल उचलायचा, वाहून न्यायचा, त्यापेक्षा घंटा स्वस्त पडते. आक्का जालिंदरला फोनवर विचारायच्या, “काय रं, माजी सासू काय म्हंती?” तो चिडून फोन ठेवायचा.

मग तिकडे पाऊस झाला. आटपाडीकडे पडतो तसा, वर्षाचा हिशेब दोन दिवसांत चुकवणारा. तिसऱ्या दिवशी जालिंदरचाच फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. मी समोरच बसलो होतो, फोन स्पीकरवर होता.

“आक्का, चमत्कार झाला! देवीच्या पायाखालनं झरा फुटलाय. पांढरं पानी! आमी तीर्थ म्हनून वाटतोय. पार ढालगावपातूर लोकं याया लागलीत!”

आक्कांनी फोन ठेवला. मी त्यांना घाबरलेलं त्या एका वेळीच पाहिलं. ढिगातून निथळलेलं चुन्याचं पाणी लोक पीत होते, आणि उरलेलं पाणी वीस पावलांवरच्या विहिरीकडे निघालं होतं. अख्खी वाडी त्या एका विहिरीवर.

“म्या मांडली,” त्या म्हणाल्या. “गाडी काडा, सायेब.”

आम्ही पोचलो तेव्हा आरती संपत आली होती. जालिंदर सोवळं नेसून, पण फौजी मिशा तशाच ठेवून, पळीनं तीर्थ देत होता. बहिणीला बघून म्हणाला, “आक्का, आदी चप्पल काड. पाया पड.”

“तुजा हात दाव.”

“आदी पाया—”

“हात दाव म्हंती न्हवं!”

त्यानं तळवा पुढे केला. कातडं सोललेलं, कडेनं पांढरं, मध्ये लाल.

“जुनं कातडं काडलंय देवीनं,” जालिंदर म्हणाला. “नवं येतंय.”

“आन् जीभ?”

“पोळती जराशी. कडक देवी हाय.”

आक्कांनी खिशातून संक्रांतीची वाटी काढली, तीर्थ घेतलं, सगळ्यांना दिसेल अशी वर धरली आणि त्यात हळद टाकली. पाणी क्षणात लालभडक झालं. आक्का विजयानं गर्दीकडे वळल्या. त्यांना वाटलं, आता लोक समजले.

“पावली! देवी पावली!” असा एकच गलका झाला. दोन बायांनी तिथल्या तिथं आक्कांच्या पायांवर लोटांगण घातलं. एकीनं लेकीचं लग्न कधी जमेल ते विचारलं.

“आगं ऊठ!” आक्का ओरडल्या. “माज्या काय पाया पडतीस? मी लॅबातली हेल्पर हाय!”

मग मी पुढे झालो. चुना म्हणजे काय, तो पाण्यात कसा उतरतो, यावर मी चांगली दहा मिनिटं बोललो. लोकांनी शांतपणे ऐकलं. संपल्यावर एकानं मला चहा आणून दिला आणि दुसऱ्यानं विचारलं, सायबांचं लग्न झालंय का.

आक्का एवढ्या वेळात विचार करत होत्या. त्यांनी जालिंदरच्या कमरेची तंबाखूची चंची ओढली, तिच्यातली चुन्याची डबी उघडली, नखभर चुना तळहातावर घेतला आणि त्यावर हळद चोळली. तळहात लाल झाला. तो हात त्यांनी कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांपुढे धरला.

“हितं बी देवी हाय का, आबा? तुमच्या चंचीत? त्या ढिगावर हळद म्याच लावली हुती, चुना बगाया.”

म्हातारे चुनेवाले. चुना जास्त झाला की तोंड कसं पोळतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. एक-दोघांनी आपापल्या जिभा टाळूला लावून बघितल्या. तेवढ्यात गर्दीतून बनाआजी पुढे आल्या. वाडीतली सगळ्यात जुनी बाई. त्यांनी आक्कांचा तळहात ओढून डोळ्यांजवळ धरला, वास घेतला.

“ह्येला काय झालंय?” त्या म्हणाल्या. “माज्या आयच्या घरी हळदीला चुना लावूनच कुकू करायचं. ह्यात देवी न्हाई. चुना हाय.”

मीटर, सही, माझी दहा मिनिटं, सगळं फुकट गेलं होतं. बनाआजींच्या आईचं घर कामी आलं. जालिंदरनं स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं आणि पळी खाली ठेवली.

“मग उचलायला सांगू?” मी उत्साहात विचारलं.

“आसं कसं?” बनाआजी म्हणाल्या. “पुजलंय त्येला. पुजलेलं फेकत न्हाईत, बोळवत्यात. मरीआयचा गाडा शिवंबाहीर नेत्यात, तसं वाजवत न्यायचं. वटी भरून.” त्यांनी आक्कांकडे बोट केलं. “मांडली हिनं. मंग वटी बी हिनंच भरायची.”

गर्दीतल्या बाया चुळबुळल्या. एक जण हळूच म्हणाली, “पर आजी, त्या तर—”

“पर काय?” बनाआजी गरकन वळल्या. “मांडताना चाललं न्हवं का?”

कुणी तरी खण आणला, तांदूळ आणले, नारळ आणला. घमेल्यात ढिगातले पाच दगड ठेवले होते. वीस-बावीस वर्षांत आक्कांच्या हातात कुणी ओटीचं सामान दिलं नव्हतं. ओंजळीनं तांदूळ टाकताना त्या काही तरी पुटपुटत होत्या. मी जवळ होतो, म्हणून मला ऐकू आलं.

“जा बाई. हितं ऱ्हाऊ नगंस. चांगली हायस तू, पर कच्ची हायस. मुरून ये.”

मला रडू आलं. स्लॅगच्या ढिगापुढे रडलेला इंजिनिअर म्हणून माझं नाव कुठं लागणार असेल तर लागू दे.

ओटी झाल्यावर बनाआजींनी रिवाजानं आक्कांना हळद लावली आणि कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवलं. आक्कांनी त्यांचा हात धरला.

“नगं आजी. हळदच ऱ्हाऊ द्या. लाल झाली की नापास.”

बनाआजींना काही कळलं नाही. त्यांनी बोट पदराला पुसलं.

दुसऱ्या दिवशी टिपर आले. पुढे हलगी, मागे टिपर, त्यामागे अख्खी वाडी. शिवेवर पलीकडच्या गावची पोरं काठ्या घेऊन उभी होती. “तुमची देवी आमच्यात सोडायची न्हाई!” त्यांना समजावून सांगावं लागलं, की देवी कारखान्यात चालली आहे, वर्षभर तिथं फरशीवर राहणार आहे आणि तिच्यावर रोज पाणी मारलं जाणार आहे. “म्हंजी अभिषेक?” एकानं विचारलं. जालिंदर “व्हय” म्हणाला. पोरांनी रस्ता दिला आणि एकानं टिपरला हातही जोडले.

विहीर उपसली. टँकर सुरू झाला. दर सोमवारी जालिंदर बाटलीत विहिरीचं पाणी भरून एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचा आणि आक्का स्टँडवर जाऊन ती घ्यायच्या. आधी हळद, मग मीटर. पहिल्यांदा विटकरी, मग तांबूस. जी बाई सासूच्या टबाला नावं ठेवत दिवस काढायची, ती सोमवारी कुणाशी बोलत नसे. धातूंचा अहवाल पुण्याहून चांगला आला तरी बोलल्या नाहीत. एका सोमवारी वाटीतलं पाणी पिवळं राहिलं. आक्का वाटी घेऊन उन्हात गेल्या, खूप वेळ बघितलं, परत आल्या आणि माझ्या टेबलावर मूठभर शेंगदाणे ठेवले. त्यांच्या खिशातले शेंगदाणे मला मिळाले ते तेवढेच.

पुढच्या वर्षी तोच माल मुरून परत गेला आणि रस्त्यात पडला. विहिरीच्या बाजूचा तुकडा तेवढा साध्या दगडाचा केला. नमुने आक्कांनी आणले, ढिगाच्या पोटात हात घालून. जाताना मुद्दाम भरलेला तांब्या नेला होता. पत्र्याच्या शेडमध्ये आता लोक एसटीची वाट बघतात आणि गाडी दिसली की कुणी तरी घंटा वाजवतं.

आक्का निवृत्त होऊन माहेरीच राहायला गेल्या. मी नोकरी बदलून शिरवळला आलो. फोन व्हायचे, मग कमी झाले. गेल्या पावसाळ्यात कामानं आटपाडीला जाणं झालं आणि मी गाडी वाडीकडे वळवली. पाऊस नुकताच थांबला होता. रस्ता सपाट, कुठं फुगलेला नाही. मोरीपाशी डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ घेतलेलं कुणी तरी गटाराच्या पाण्यातल्या एका दगडावर वाकलं होतं. अंगात शर्ट. मी गाडी लांबच उभी केली.

एक म्हशीवाला म्हशी घेऊन तिथं येऊन थांबला. त्यानंही घाई केली नाही. म्हशी पाण्याकडे ओढ घेत होत्या, तो त्यांना अडवून उभा होता. वाकलेली मूर्ती सरळ झाली आणि तिनं बोट वर केलं.

“पिवळी!”

त्यानं म्हशी सोडल्या. म्हशी पाण्यात उतरून प्यायला लागल्या. मी हाक मारणार होतो, पण आक्का अजून कामात होत्या. त्यांनी बाजूचा तांब्या उचलला, भरला आणि तो दगड सगळीकडून स्वच्छ धुतला.